घरात बातमी येते तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय कोणता म्हणून विचारलं तर म्हणाले, "काका, काहीही बोला. फक्त मेंटेनन्स, पार्किंग आणि लिफ्ट यावर बोलू नका." आता सोसायटीच्या कार्यक्रमात हे तीन विषय काढून घेतले तर उरतं काय? घर, बातम्या आणि सिनेमा. आम्ही ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी सहा ते साडेसात कट्ट्यावर तेच तर बोलतो. तेव्हा आज कट्टाच इथे स्टेजवर आणलाय असं समजा. फरक इतकाच, की तिथे मला मध्येच तोडणारे पाचजण असतात, इथे माईक माझ्या हातात आहे.

परवाचीच गोष्ट घ्या. ११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ए विंगमधून पहिला मेसेज आला, धर्मेंद्र गेले. मग काय विचारता! अर्ध्या तासात वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. कोणी 'शोले'तला फोटो टाकला, कोणी टाकीवरचा. एका उत्साही सभासदानं फार मनापासून चार ओळी लिहिल्या होत्या, पण सोबत फोटो जितेंद्रचा होता. बरं, दोष एकट्या ग्रुपला कशाला द्यायचा, टीव्हीवरसुद्धा तेच चाललं होतं. आणि थोड्या वेळात त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं, ते आहेत, उपचार चालू आहेत, कृपा करून असं काही पसरवू नका. झालं! ग्रुपवर 'मेसेज डिलीट केला', 'मेसेज डिलीट केला' अशी रांगच लागली. रेशनच्या दुकानापुढेसुद्धा मी इतकी सरळ रांग बघितली नव्हती.

पुढे २४ नोव्हेंबरला ते खरोखरच गेले. ८ डिसेंबरला नव्वद पूर्ण झाली असती. त्या दिवशी ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहीना. सगळे एकमेकांची वाट बघत होते. आमच्या सौभाग्यवतींनी टीव्ही लावून तीन वाहिन्या फिरवल्या आणि मग मला विचारलं, "खरं का हो?" 'चुपके चुपके' तिचा आवडता सिनेमा. तो आणि 'शोले' एकाच वर्षी आले, १९७५ साली, आणि दोन्हीत धर्मेंद्र, अमिताभ, जया, तिघंही आहेत. एकात हसवून मुरकुंडी वळवली, दुसऱ्यात रडवलं. अशा माणसासाठी डोळ्यांत पाणी यायला हवं त्या क्षणी माझी बायको पुरावा शोधत होती. मला ते फार लागलं. माणूस एकदाच जातो. आम्ही त्याला दोनदा पोचवला आणि दुसऱ्या वेळी रडणं राहून गेलं.

कट्ट्यावर यावर चर्चा झाली तेव्हा सगळ्यांचा सूर एकच, "मोबाइलनं वाट लावली." मी म्हटलं, थांबा. अफवा मोबाइलच्या आधीपासूनच्या आहेत. तुमच्यापैकी साठीच्या पुढचे किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहात. मग तुम्हाला स्कायलॅब आठवत असेल.

१९७९ साल. अमेरिकेची सत्तर-ऐंशी टनांची अवकाश प्रयोगशाळा पृथ्वीवर पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही, अशी बातमी. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या एका शाखेत कारकून होतो. गावात रेडिओ मोजके, पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, पण स्कायलॅब प्रत्येकाच्या तोंडी. जुलैच्या ९ तारखेला, सोमवारी, एक म्हातारे शेतकरी आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. मुदत ठेवीची पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "मोडा." मॅनेजर साहेबांनी आत बोलावलं. काय काम निघालं, विचारलं. आबा म्हणाले, "सायेब, वरनं ते पडायलंय म्हणं. पोरंबाळं गोडधोड खाऊन तरी घेतील."

साहेब हसले नाहीत. हे मला आजही आठवतं. आमच्यापैकी दोघं-तिघं तोंड फिरवून हसत होते, साहेबांनी चहा मागवला. पावती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "आबा, ते आपल्यावर पडलं तर ठेव मोडून उपयोग काय? आणि नाही पडलं तर व्याज का सोडायचं? गुरुवारी या. गुरुवारी मोडून देतो." स्कायलॅब बुधवारी, ११ जुलैला, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकड्या-तुकड्यांनी पडली. गुरुवारी आबा आले ते टॉवेलात शेंगा बांधून. स्कायलॅबचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. पासबुक भरून घेतलं आणि गेले.

दुसरी गोष्ट २१ सप्टेंबर १९९५ ची. गणपती दूध प्यायला तो दिवस! मोबाइल कोणाच्या हातात होता तेव्हा? तरी दिल्लीपासून मुंबईपर्यंत आणि पुढे परदेशातल्या देवळांपर्यंत ती बातमी एका दिवसात पोचली. मी मुंबईच्या शाखेत होतो. दुपारी काउंटर ओस. शिपायापासून ऑफिसरपर्यंत सगळे बारीने देवळात जाऊन आले. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीच्या ओल्या दगडाकडे ओढलं जातं आणि अंगावरून पातळ थरानं खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, पण ते ऐकायला रांग कोण सोडणार!

मला वाटलं, आज घरी गेलो की आई वाटी घेऊन तयार असणार. तिचे उपासतापास, चतुर्थ्या, सगळं कडक. घरी आलो तर ती नेहमीसारखी तांदूळ निवडत बसलेली. शेजारच्या काकू दोनदा बोलावून गेल्या होत्या. म्हटलं, "आई, तू गेली नाहीस?" तर म्हणाली, "माझा गणपती आजवर नैवेद्य नुसता बघतो. मला तेवढं पुरतं. दूध पोराला लागतं." पोर म्हणजे माझा मुलगा. संपला विषय. आमच्या घरापुरतं विज्ञान तिथेच सिद्ध झालं.

सांगायचं काय, तर आबांची अफवा मॅनेजरच्या टेबलावर येऊन अडली आणि दुधाची आमच्या आईच्या सुपाला. तेव्हाही अफवा पळत सुटायच्याच, फक्त वाटेत कोणीतरी माणूस आडवा यायचा.

बातमी ऐकायची पद्धतच तशी होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्याकडे टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं लागली, पण ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. संध्याकाळच्या बातम्या प्रदीप भिडे द्यायचे. काय तो आवाज! तीन वर्षांपूर्वी, २०२२ च्या जूनमध्ये ते गेले. भिड्यांनी बातमी दिली की ती पूर्ण घराला एकदम कळायची. वडील एक बोलायचे, काका बरोबर उलटं बोलायचे, आजी म्हणायची "मेल्यांना दुसरं काम नाही", आणि आम्ही मुलं अभ्यासाचं पुस्तक मांडीवर धरून ऐकत असायचो. बातमी एक, शेरे पाच. बातमी चुकीची असली तरी ती पाच जणांच्या हातून जायची.

टेलिफोनचंही तेच. पीपी नंबर आठवतो ना? व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर आणि पुढे कंसात पीपी. शेजारच्या खोलीत फोन वाजला की त्यांचा मुलगा पळत यायचा. निरोप घेताना त्यांच्याच हॉलमध्ये उभं राहायचं, म्हणजे आपल्या घरातली बातमी आपल्या आधी त्यांना समजायची. आज याला प्रायव्हसीचा भंग म्हणतील. आपण इथे राहायला आलो तेव्हा आमच्याकडे स्वतःचा फोन होता, हॉलमध्ये, तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली. आमच्या मुलीला तेव्हा एका मैत्रिणीचे फार फोन यायचे. ती मैत्रीण आज माझा जावई आहे आणि तिसऱ्या रांगेत बसली आहे. हॉलमधला फोन होता म्हणून आम्हाला सहा महिने आधी कळलं आणि मनाची तयारी झाली!

आता आपल्या सोसायटीचं वर्ष बघा. नोंदणी २००० ची. त्याच वर्षी, ३ जुलैला, रात्री नऊ वाजता 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. त्याच रात्री त्याच वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' पण सुरू झालं, हे किती जणांच्या लक्षात आहे? तुळशीबाई २००८ मध्ये थांबल्या आणि यंदा जुलैत परत आल्या. आमच्या घरी त्यांचं स्वागत माझ्या साठीपेक्षा जोरात झालं. पण मला बोलायचंय ते करोडपतीबद्दल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे तेव्हा अजून गॅसची शेगडी लागली नव्हती, पण टीव्ही लागला होता. रात्री नऊ ते दहा या इमारतीत लिफ्ट हलायची नाही. माफ करा, लिफ्टवर बोलायचं नाही असं ठरलंय. ऑक्टोबरमध्ये आपला हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, सत्तावीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा. त्यानंतर या सोसायटीतल्या प्रत्येक आईनं आपल्या मुलाला जनरल नॉलेजचं पुस्तक आणून दिलं. ती पुस्तकं पुढे रद्दीत मीच पाहिली आहेत.

त्या खेळात तीन लाइफलाइन होत्या. प्रेक्षकांचं मत, फिफ्टी-फिफ्टी आणि फोन अ फ्रेंड. हा खेळ मूळ इंग्लंडचा, तिथे १९९८ ला सुरू झाला. मग अमेरिकेत गेला. तिथे जॉन कारपेंटर नावाचा एक माणूस १९९९ साली शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोचला. शेवटच्या प्रश्नाला त्यानं फोन अ फ्रेंड मागितली. फोन लावला वडिलांना. आणि म्हणाला, बाबा, मला तुमची मदत नकोय, फक्त सांगायचं होतं की मी दहा लाख डॉलर जिंकणार आहे. उत्तर त्याला येत होतंच! कामाला होता कर खात्यात. आम्हा बँकवाल्यांना असली माणसं फार जवळची वाटतात.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार मानधन. २०१९ मध्ये एक कोटी जिंकल्या. पैशाचं काय करणार म्हणून विचारलं तर मोबाइल घ्यायचाय म्हणाल्या, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच फोन होता. मी तो भाग नातवाबरोबर बघत होतो. तो तेव्हा आठ वर्षांचा. त्यानं विचारलं, "आजोबा, एका फोनमध्ये सगळे कसे मावतात?" हसून सोडून दिलं होतं मी तेव्हा. आता आमच्या घरात पाच माणसं आणि सहा फोन आहेत, आणि जेवताना पाच वेगवेगळ्या बातम्या चालू असतात. त्यातली एकही कोणी कोणाला सांगत नाही. तेव्हा त्याचा प्रश्न आठवतो.

आता जे सांगणार आहे त्यासाठी मी त्या बाईंची परवानगी घेतली आहे. नाव घ्यायचं नाही, या अटीवर. आपल्याच सोसायटीतल्या आहेत. वय सत्तर, निवृत्त शिक्षिका, यजमान नाहीत, मुलगा बंगळुरूला. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांना फोन आला. तुमच्या आधार कार्डावर एक पार्सल परदेशी चाललं होतं, त्यात अमली पदार्थ सापडले. फोन 'पोलिसां'कडे जोडला. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे झेंडा, भिंतीवर चिन्ह. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घरात, शेजारी, कोणाला सांगायचं नाही. सांगितलंत तर मुलालाही आत घेऊ.

बाईंनी फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. साडेअकरापासून चारपर्यंत. जेवल्या नाहीत. ठेवी किती, कोणत्या बँकेत, सगळं सांगून झालं. उद्या सकाळी बँकेत जायचं, फोन पर्समध्ये चालू ठेवायचा, ठेव मोडायची, पैसे 'तपासणी'साठी एका खात्यात टाकायचे, खरे निघाले की परत मिळतील, असं ठरलं.

चार वाजता भांडी घासायला मावशी आल्या. रोज बाई आधी चहा टाकतात, दोघी कपभर घेतात, मग काम. त्या दिवशी चहा नाही. बाई फोनसमोर सरळ बसलेल्या, पदर खांद्यावरून घेतलेला, डोळ्यांतून पाणी, आणि बोटानं "जा" म्हणून खूण. मावशी गेल्या. गेल्या त्या थेट समोरच्या दारात. म्हणाल्या, "ताई, बाई फोनापुढं रडाय लागल्यात आन् बोलंनात." समोरच्या वहिनींनी रिकामी वाटी घेतली, बेल वाजवली, "काकू, साखर आहे का?" असं मोठ्यानं विचारत आत गेल्या, आणि फोन उचलून ओट्यावर पालथा घातला.

इतकंच. एक रुपया गेला नाही.

नंतर मी भेटायला गेलो तेव्हा बाई एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. मला कसं कळलं नाही?" कसं कळणार? तो गणिताचा पेपर नव्हताच. चोरानं आधी आजूबाजूची माणसं काढून घेतली, पैशाचं नंतर. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. यंदा अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटीच्या वर लुबाडलं, तेव्हा न्यायालयानं आपणहून दखल घेतली, आणि आता या १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. म्हणजे बघा, बुद्धू माणसं फसतात असं समजायचं कारण नाही. आपल्या लिफ्टमध्ये दोघं-तिघं त्या बाईंवर विनोद करत होते, ते माझ्या कानावर आलं. (बघा, लिफ्ट पुन्हा आलीच.) ते विनोद बंद व्हावेत. तुम्ही हसलात की पुढच्या वेळी ज्याला फोन येईल तो तोंड उघडणार नाही, आणि चोराला नेमकं तेच हवंय.

मी त्यांना विचारलं, "मुलाला एक मेसेज का नाही केलात?" त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आदल्याच आठवड्यात वीजबिलाचा एक मेसेज आला होता, खरा की खोटा म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, आई, किती वेळा सांगायचं? मीटिंगमध्ये आहे." मुलगा वाईट नाही हो. मी ओळखतो त्याला, दर तीन महिन्यांनी येतो, आईचे डोळे त्यानंच करून घेतले. पण त्या एका वाक्यानं साडेचार तास कॅमेरा चालू राहिला.

तेव्हा इथे बसलेल्या तरुण मंडळींना माझं सांगणं आहे. आई-वडील तोच प्रश्न अकराव्यांदा विचारतील. अकराव्यांदा उत्तर द्या. आम्हीसुद्धा तुम्हाला बे एके बे अकरा वेळा सांगितलंय, तेही मीटिंगमध्ये नसलो तरी साहेबांची बोलणी खाऊन घरी आल्यावर.

आणि आता माझ्या बाजूच्या मंडळींना. आपणही काही कमी नाही. सकाळी उठल्यापासून गुलाबाची फुलं, कांद्याच्या रसाचे औषधी गुण, कोणत्या तरी देशानं आपल्या राष्ट्रगीताला पहिला नंबर दिल्याची बातमी. मुलांनी घरचा ग्रुप म्यूट केला नाही तर काय करतील? मग ज्या दिवशी खरंच अडचण येते त्या दिवशी आपला मेसेज त्या चाळीस गुलाबांच्या खाली पडून राहतो. कट्ट्यावर मी हे बोललो तेव्हा दोघं माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हते. चालेल.

बँकेत आम्हाला काउंटर होतं. पितळी टोकन घेऊन माणूस बसायचा, पेपर वाचायचा, शेजारच्याशी बोलायचा. मोठी रक्कम काढायला आला की आमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, "काका, लग्न निघालं वाटतं?" हे कुठल्या सर्क्युलरमध्ये लिहिलेलं नव्हतं. पण त्या प्रश्नावर माणसाचा चेहरा बघून कळायचं की लग्न आहे, आजारपण आहे की कोणी मागे उभं राहून काढायला लावतंय. आता ठेव रात्री अकरा वाजता झोपल्या झोपल्या अंगठ्यानं मोडता येते. सोय मोठी आहे, मी स्वतः वापरतो, पूर्वीच्या रांगा मला परत नकोत. पण तो "काका, लग्न निघालं वाटतं?" विचारणारा माणूस अॅपमध्ये नाही. तो आता घरात किंवा समोरच्या दारात असायला हवा. तुमच्या ठेवी कुठे आहेत हे घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. खातं जोडीनं असू द्या. या १ नोव्हेंबरपासून ठेवीला चार वारस नेमता येतात, ज्यांनी अजून एकही नेमलेला नाही त्यांनी उद्या नेमा. आज रविवार आहे म्हणून उद्या म्हणतोय.

त्या करोडपतीचीच गंमत बघा. पंचवीस वर्षांपूर्वी अमिताभ सांगायचे, अडलात तर मित्राला फोन लावा. आणि या वर्षी जूनपर्यंत कोणालाही फोन लावला की आधी त्यांचाच आवाज, सायबर चोरांपासून सावध राहा म्हणून. लोक इतके वैतागले की शेवटी ती ट्यून बंद केली. मीही वैतागायचो. पण परवा मावशींनी मला विचारलं, "काका, त्ये बच्चन बोलायचे बंद का झाले? बरं होतं, ध्यानात राहायचं." त्यांचा फोन बटणांचा आहे, दुसरं कोणी त्यांना असं काही सांगत नाही. मग मला ट्यूनचा राग जरा कमी झाला.

सगळंच बिघडलंय असं मात्र म्हणू नका. २ नोव्हेंबरची रात्र आठवा. नवी मुंबईत आपल्या मुलींचा अंतिम सामना. पावसानं उशीर, मध्यरात्र होत आली तरी कोणी झोपेना. माझ्या घरात कितीतरी महिन्यांनी पाचही जणांचे डोळे एका पडद्यावर होते. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे ती खेळत होती तोवर मी खुर्ची बदलली नाही. पंचेचाळीसवर गेली तेव्हा बदलली. शेफाली वर्मानं सत्त्याऐंशी काढले, दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले, आणि बावन्न धावांनी विश्वचषक आपला! पण खरी मजा अशी, की आमच्या घरी सामना इंटरनेटवरून येतो, बी विंगमध्ये केबलवरून. त्यांच्याकडे चेंडू आधी पडतो. समोरून "आऊट!" असा ओरडा यायचा तेव्हा आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असायची. नातू चिडला, खिडकी लाव म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही. शेजाऱ्यांकडून बातमी आधी कळण्याचं सुख तुला माहीत नाही, उघडी राहू दे.

वेळ संपत आली, सेक्रेटरी घड्याळाकडे बघताहेत. तिन्ही विंगच्या नोटीस बोर्डावर आजच एक कागद लावला आहे. त्यावर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत आहे. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच फोन करा, तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. त्याखाली आपल्यातल्याच सहा जणांचे फ्लॅट नंबर आहेत. कसलाही शंकेचा फोन आला, मेसेज आला, तर यांची बेल वाजवायची. सहापैकी एक नाव मावशींचं आहे, समितीनं एकमतानं घातलंय. आणि दर मंगळवारी चार ते सहा मी खाली सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. पासबुक, वारसाचा फॉर्म, मेसेज, जे असेल ते घेऊन या. फोन चार्ज करून आणा आणि चष्मा विसरू नका. चहा मी मागवीन, साखर मात्र वाटीतून आपापली आणा.